वरचं पाणी आणि खालचा गाळ

जार टेस्टच्या यंत्रात सहा बीकर एका ओळीत बसतात. प्रत्येकात एक लिटर सांडपाणी आणि त्यातलं फॉस्फेट साकळून खाली बसवणाऱ्या रसायनाचा, म्हणजे कोअ‍ॅग्युलंटचा, प्रत्येकात वेगळा डोस. मिनिटभर पाती जोरात फिरतात, मग वीस मिनिटं अगदी सावकाश, मग यंत्र बंद. त्यानंतरचा अर्धा तास मी असंख्य वेळा बघितला आहे आणि तरीही बघत उभी राहते. गढूळ पाण्यात आधी धुरकट ठिपके उमटतात, ते एकमेकांना चिकटतात, पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होतात आणि तळाशी जाऊन बसतात. रसायन लोखंडाचं असेल तर पुंजके तांबूस, अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर पांढुरके. वरचं निवळलेलं पाणी थोडंसं काढून घ्यायचं आणि त्यात मॉलिब्डेटचं द्रावण घालायचं. फॉस्फेट असेल तर निळा रंग चढतो. जितकं जास्त, तितका गडद. पहिल्या बीकरचं पाणी गर्द निळं, तिसऱ्याचं फिकट, पाचव्यात रंगाचा मागमूस नाही. मग पाचव्या बीकरचा डोस वहीत लिहायचा.

काही वर्षांपूर्वी अशाच चाचणीसाठी एक कॅन आला होता. आत हिरवट द्रावण, झाकण काढताच नाकाला झोंबणारा आम्लाचा वास. एका कारखान्यात लोखंडी माल आम्लात धुऊन काढतात, ते धुऊन उरलेलं द्रावण. देणाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: हे टाकून द्यायला आमचे पैसे जातात, कोअ‍ॅग्युलंट विकत घ्यायला तुमचे जातात, तर तुम्हीच हे न्या. हिरवं, म्हणजे फेरस, लोखंड तसंच टाकलं तर नीट साकळत नाही, हवा लागून ते फेरिक झालं की साकळतं, म्हणून बीकरमध्ये आधी हवा सोडली. चाचणी उत्तम झाली. निळा रंग तिसऱ्याच बीकरला गेला आणि सगळे खूश झाले. तळाचा गाळ एरवी बेसिनमध्ये ओतला जातो. त्या दिवशी मी तो गाळून घेतला, वाळवला आणि धातूंच्या तपासणीला पाठवला. त्यात जस्त इतकं निघालं की तो गाळ कुणाच्याही शेतात टाकण्याच्या लायकीचा नव्हता.

औद्योगिक कचऱ्यापासून कोअ‍ॅग्युलंट बनवून सांडपाण्यातलं फॉस्फेट काढावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. त्या कॅननंतरही आहे. मात्र ही कोअ‍ॅग्युलंट पास-नापास करताना आपण फक्त वरच्या पाण्याकडे बघतो आणि तिथेच चुकतो. कचऱ्यातून आलेल्या रसायनाची खरी परीक्षा तळाशी होते. जो गाळ उरतो त्याचं पुढे काही होऊ शकतं का? कुणी तो घेईल का? घेणार असेल तर आपण कोअ‍ॅग्युलंट बनवलं. कुणीच घेणार नसेल तर एका कारखान्याचा कचरा पाण्याच्या वाटेने दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकला, एवढंच झालं.

फॉस्फेटसाठी एवढा खटाटोप का, हे थोडक्यात सांगते. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोमध्ये तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘२२६ क्रमांकाचा तलाव’ मधोमध पडदा लावून दोन भागांत विभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस (पाण्यात तो फॉस्फेटच्या रूपात असतो) मात्र एकाच भागात. फॉस्फरस घातलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा काळाशार राहिला. तलावाचा विमानातून काढलेला फोटो जगभर गेला आणि साबणात फॉस्फेट असावं की नसावं या वादाचं पारडं झुकलं. आकडेही बोलके आहेत. शेवाळाच्या शरीरातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण बघितलं तर एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅम कोरडं शेवाळ उभं राहू शकतं. पुढे ते मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. तलावात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की लक्षणं दिसू लागतात. शहरी सांडपाण्यात तो सहज ५ ते १० मिलिग्रॅम असतो. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पाण्यात ईरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष आलं आणि चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने ते विष जात नाही, पाण्याची वाफ होऊन उलट त्याची तीव्रता वाढते.

फॉस्फेट मुळातच कमी सोडा, हे म्हणणं बरोबर आहे. कपडे धुण्याच्या साबणातलं फॉस्फेट स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये बंद केलं, त्यानंतर बऱ्याच देशांनी तो रस्ता धरला आणि त्याचा फायदाही झाला. पण माणसाच्या शरीरातून रोज दीडेक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. तो कुठल्याही कायद्याने थांबणार नाही. जिवाणूंकडून तो काढून घेण्याची पद्धत आहे आणि ती मला आवडते, पण थंडीत, पावसाचं पाणी मिसळल्यावर किंवा सांडपाण्यात जिवाणूंना पुरेसं खाद्य नसल्यावर ती डगमगते. प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्याला दुपारी तीन वाजता आकडा वर गेलेला दिसला की हाताशी रसायनच लागतं.

ते रसायन म्हणजे लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम. फेरिक लोखंडाचा एक अणू फॉस्फेटचा एक गट धरून ठेवतो. वजनाने बघितलं तर एक किलो फॉस्फरसला १.८ किलो लोखंड. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट, कधी दुप्पटही लागतं, कारण काही लोखंड पाण्याशीच बांधलं जातं. महत्त्वाची गोष्ट ही की फॉस्फेटला लोखंडाचं कूळ कळत नाही. ते खाणीतून थेट आलं की कारखान्याच्या मोरीतून, दोन्ही सारखंच काम करतं.

हे काही नवं नाही. लोखंडाची कितीतरी कोअ‍ॅग्युलंट कित्येक दशकं उद्योगांच्या उरलेल्या मालातूनच बनत आली आहेत. पांढऱ्या रंगासाठी लागणारा टायटॅनियम डायऑक्साइड बघा. तो इल्मेनाइट या खनिजापासून सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीने काढला की खनिजातलं लोखंड हिराकस (फेरस सल्फेट) होऊन बाहेर पडतं, हिरवे खडे, आणि तेही जेवढं रंगद्रव्य त्याहून जास्त. एके काळी हा माल आणि त्यासोबतचं आम्ल जहाजांतून समुद्रात ओतलं जाई. १९७८ मध्ये युरोपीय समुदायाला या एकाच उद्योगाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र निर्देश काढावा लागला. आज फिनलंडमध्ये हेल्सिंकीचं मोठं सांडपाणी केंद्र फॉस्फरस काढायला हिराकसच वापरतं. जे समुद्रात ओतलं जात होतं तेच समुद्राला शेवाळापासून वाचवायला वापरता येतं. मला या कामाचा अभिमान वाटतो तो अशा ठिकाणी.

मात्र हिराकसची गोष्ट सांगून दुसराच माल गळ्यात मारणारे भेटतात. कचरा-कचऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा वाद तिथे सुटतो.

लोखंडी पत्रा किंवा तार आम्लात बुडवून तिच्यावरचा गंज आणि काळी खपली काढतात. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर शेवटी फेरस क्लोराइडचं द्रावण उरतं. पत्रा साधा असेल तर हे द्रावण उत्तम कोअ‍ॅग्युलंट होतं. पण स्टेनलेस स्टील धुतलेल्या टाकीत क्रोमियम आणि निकेल उतरतं, शिवाय तिथे नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलेलं असतं. लोखंडावर जस्ताचा थर चढवणाऱ्या, म्हणजे गॅल्व्हनायझिंगच्या, कारखान्यात तर आणखी साधी चूक होते. नवा माल धुवायची टाकी आणि जुन्या, बिघडलेल्या मालावरचं जस्त उतरवायची टाकी एकच ठेवतात. दोन टाक्या ठेवल्या असत्या तर एकीत स्वच्छ लोखंड मिळालं असतं आणि दुसरीत जस्त, आणि दोन्ही विकता आलं असतं. एक टाकी वाचवली म्हणून दोन्ही माल बिघडले. माझ्या कॅनमध्ये नेमकं हेच झालं होतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूलाही असंच आहे. दारं-खिडक्यांच्या पट्ट्या कॉस्टिकमध्ये खरवडून घेतात तेव्हा जो पांढरा गाळ उरतो तो मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तो सल्फ्युरिक आम्लात विरघळवला की तुरटीचंच द्रावण तयार होतं. याउलट औषधं आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यांतून उरलेलं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. कागदावर दोन्हींत अ‍ॅल्युमिनियम आहे. पण दुसऱ्यात प्रक्रियेत वापरलेल्या सेंद्रिय पदार्थांचे अवशेष असतात, कधी नुसत्या वासावरूनही कळतात, आणि ते काढून न टाकता पाण्यात घातलं तर एक घाण काढताना दुसरी घाण मिसळली असं होतं. हा माल आधी नीट शुद्ध केला पाहिजे, आणि त्या शुद्धीकरणाचा खर्च धरूनही तो परवडतो का हे प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे.

कोळशाच्या बंद पडलेल्या खाणींतून गंजासारखं केशरी पाणी वाहतं. ते अडवून त्यातलं लोखंड खाली बसवतात, त्याला ऑकर म्हणतात. त्याचे ढीगच्या ढीग साठतात. स्कॉटलंडमध्ये संशोधकांनी हा ऑकर फॉस्फेट शोषून घ्यायला वापरला आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. फॉस्फेटने भरलेला ऑकर गवताला आणि बार्लीला खत म्हणून घालून पाहिला. पीक नेहमीच्या खताच्या तोडीचं आलं. या विषयावरचे पुष्कळ प्रयोग मी वाचले आहेत. बहुतेक ‘अमुक टक्के फॉस्फेट निघालं’ या वाक्याशी येऊन संपतात. हा प्रयोग पुढे गेला, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

आणि मग लाल चिखल. बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा हा चिखल जगात दरवर्षी १५ कोटी टनांहून जास्त तयार होतो. त्यात लोखंड भरपूर, अ‍ॅल्युमिनियमही, त्यामुळे त्यापासून कोअ‍ॅग्युलंट बनवण्यावर शोधनिबंधांचा पाऊस पडतो. हंगेरीत आयका इथे ऑक्टोबर २०१० मध्ये लाल चिखलाचा बांध फुटला, कोलोंतार आणि देवेचेर ही गावं त्याखाली आली, १० माणसं गेली. त्यामुळे या चिखलाचं काहीतरी करा ही तळमळ मला कळते. पण इथे मी सावध आहे. हा चिखल अतिशय अल्कधर्मी असतो. त्यातलं लोखंड विरघळवायला आधी ते सगळं अल्क मारण्यापुरतं आम्ल खर्ची पडतं. लोखंडाबरोबर क्रोमियम, व्हॅनेडियम, आर्सेनिकही सुटू शकतं. आणि विरघळून उरलेला भाग पुन्हा टाकायचा राहतोच. शिवाय एक ढोबळ हिशेब करून बघा. जगातल्या ८०० कोटी माणसांच्या शरीरातून बाहेर पडणारा सगळा फॉस्फरस लोखंडाने पकडायचा ठरवला तर वर्षाला सुमारे १.२ कोटी टन लोखंड लागेल. लाल चिखलात लोखंड वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकंच धरलं तरी दर वर्षाच्या नव्या चिखलात ते ३ कोटी टन भरतं. म्हणजे पृथ्वीवरचं सगळं सांडपाणी साफ केलं तरी वर्षाच्या चिखलातलं निम्मंही लोखंड संपणार नाही, आणि आजवर साठलेला डोंगर वेगळाच. त्यातून थोडं चांगलं कोअ‍ॅग्युलंट निघत असेल तर जरूर काढावं, पण लाल चिखलाचा प्रश्न असा सुटेल असं सांगून बांधांच्या सुरक्षेवरचा खर्च टाळू नये.

आता किमतीकडे येते, कारण घोळ तिथून सुरू होतो. फुकट ते पौष्टिक म्हणतात. विकतच्या कोअ‍ॅग्युलंटचा प्रत्येक लिटर हिशेबात असतो, म्हणून डोस मोजून दिला जातो. जे फुकट येतं, किंवा ज्याच्याबरोबर कारखाना वर पैसेही देतो, त्याचा डोस हळूहळू वाढतो. टँकर आला आहे, साठवायला जागा नाही, चालू द्या पंप जरा जास्त. मग पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, संपते, सामू उतरतो, अमोनिया खाणारे जिवाणू मलूल होतात आणि केंद्र ज्या दुसऱ्या कामासाठी बांधलं होतं तेच बिघडतं. दोष मात्र जिवाणूंच्या माथी. देणारा कारखाना आणि घेणारं केंद्र या दोघांनाही जास्त डोस सोयीचा असेल, तर तो रोखणार कोण? म्हणून मला वाटतं की या मालाला किंमत असलीच पाहिजे. थोडी असू दे, पण त्यातल्या लोखंडाच्या वजनावर ठरलेली, आणि नको असलेल्या धातूंमागे कापलेली.

डोळ्यांसमोर चित्र यावं म्हणून एक लाख लोकवस्तीचा हिशेब मांडते. दीड ग्रॅमने रोजचा फॉस्फरस १५० किलो. दीडपट लोखंड धरून रोज ४०० किलो लोखंड. यातून सुमारे एक टन कोरडा रासायनिक गाळ तयार होतो. जैविक गाळ धरून केंद्राचा एकूण कोरडा गाळ रोज सहा-सात टन. आता कोअ‍ॅग्युलंट जस्त मिसळलेल्या टाकीतून आलं असं समजा. लोखंडाच्या दहाव्या हिश्शाइतकं जस्त अशा टाकीत असणं अजिबात अशक्य नाही. म्हणजे रोज ४० किलो जस्त, आणि त्यातलं बहुतेक गाळात. किलोमागे सहा ग्रॅम. गाळ शेतात टाकण्यासाठी युरोपच्या १९८६ च्या निर्देशाने जस्ताची वरची मर्यादा किलोमागे चार ग्रॅम ठेवली आहे. सांडपाण्यातलं मूळचं जस्त मी यात धरलेलंही नाही. असे टँकर स्वस्तात मिळाले म्हणून गावाचा वर्षभराचा गाळ, त्यातल्या सेंद्रिय द्रव्यासकट, नायट्रोजनसकट आणि एवढ्या मेहनतीने पकडलेल्या फॉस्फरससकट, पुरायच्या लायकीचा उरतो. आणि या सगळ्या काळात वरच्या पाण्याचे अहवाल उत्कृष्टच येत असतात.

‘कचरा तो कचरा, पाण्याच्या जवळपासही नको’ असं म्हणणाऱ्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूने झुकते: तिथे ज्या मालाचा प्रत्येक घटक वर्षानुवर्षं तपासला गेला आहे तोच वापरावा, आणि नवा स्रोत आधी सांडपाण्यावर सिद्ध करून दाखवावा. पण सांडपाण्याच्या बाबतीत कूळ बघून नकार देणं मला पटत नाही. विकतची तुरटीसुद्धा कुठल्या तरी खनिजातूनच येते आणि खनिज काही धुतल्या तांदळासारखं नसतं. शेतात आज जे फॉस्फेट खत जातं त्यात खडकातून आलेलं कॅडमियम असतं. ते इतकं असतं की २०२२ पासून लागू झालेल्या युरोपच्या खत नियमांना त्याची मर्यादा घालावी लागली, खतातला फॉस्फरस ज्या मापात मोजतात त्या फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम. तेव्हा कुठून आलं याची चौकशी जरूर करा, कारण कुठे काय सापडू शकतं हे त्यावरून कळतं. निर्णय मात्र आत काय आहे यावर घ्या.

पुरवठ्याचा मुद्दा दोन्हीकडून कापतो. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये ट्रकचालकांच्या टंचाईमुळे केंद्रांना फेरिक सल्फेट मिळेना, तेव्हा तिथल्या पर्यावरण यंत्रणेने कमी प्रक्रिया केलेलं पाणी सोडायला काही अटींवर तात्पुरती सूट दिली. जवळच्या उद्योगातून माल मिळत असता तर कदाचित ही वेळ आली नसती. उलट फिनलंडमध्ये पोरी इथला टायटॅनियम डायऑक्साइडचा कारखाना हिराकस पुरवत असे. जानेवारी २०१७ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि पुढच्या वर्षी तो बंद करायचं ठरलं. कचऱ्यावर अवलंबून राहायचं तर तो कचरा थांबेल तो दिवसही गृहीत धरावा लागतो. कारखाना रंग विकण्यासाठी चालतो, आपल्याला हिराकस देण्यासाठी नव्हे. म्हणून दोन वेगळे स्रोत आणि काही आठवड्यांचा साठा हवाच. त्याचा खर्च ‘स्वस्त’ या शब्दात आधीच धरला पाहिजे. आणि कचरा कमी करू शकणाऱ्या कारखान्याला ‘तुझा कचरा आम्हाला हवाय’ असं सांगून सुस्त करू नये, हेही आलंच.

परत गाळाकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. फॉस्फरसला शेतीत पर्याय नाही. त्याच्या खडकाचे ज्ञात साठे बहुतांशी मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच भागात आहेत. युरोपने फॉस्फेटच्या खडकाला २०१४ मध्येच कळीच्या कच्च्या मालाच्या यादीत घातलं. जर्मनीने २०१७ मध्ये नियम केला की मोठ्या केंद्रांनी २०२९ पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवलाच पाहिजे, मध्यम केंद्रांनी २०३२ पासून. हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आपण फॉस्फरस लोखंडाला बांधून जमिनीत पुरतो. लोखंडाला घट्ट बांधलेला फॉस्फरस पिकाच्या मुळांना सहज मिळत नाही हेही खरं आहे, आणि लोखंडाच्या विरोधातला सगळ्यात सशक्त युक्तिवाद मला तोच वाटतो.

त्यावर एक सुंदर उत्तर गाळातच सापडलं आहे. गाळ कुजवण्याच्या बंद टाकीत प्राणवायू नसतो. तिथे लोखंड पुन्हा फेरस रूपात जातं आणि फॉस्फेटशी मिळून त्याचे स्फटिक होतात, व्हिव्हिॲनाइट नावाचे. हवा लागली की ते निळे पडतात. हे स्फटिक चुंबकाकडे ओढले जातात, म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी खाणीत धातू वेगळा करायची चुंबकी यंत्रं गाळावर लावली आणि व्हिव्हिॲनाइट बाहेर काढलं. ते पोटॅशच्या अल्कात टाकलं की फॉस्फेट द्रावणात उतरतं, पोटॅशसकट, म्हणजे जवळजवळ खतच. आणि लोखंड वेगळं होतं, जे पुन्हा कोअ‍ॅग्युलंट व्हायला मोकळं. यासाठी गाळात लोखंड कमी नव्हे, पुरेसं असावं लागतं. पण ते लोखंड स्वच्छ असेल तरच पुढची साखळी जुळते. सुरुवातीला जस्ताची टाकी वेगळी ठेवली होती की नाही, यावर शेवटी खत मिळणार की नाही हे ठरतं. मधल्या सगळ्या यंत्रांनी ती चूक सुधारत नाही.

त्यामुळे नियम कुणावर लावायचा याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. तपासणीचा भार केंद्रावर टाकू नये. तिथे माणसं कमी, उपकरणं जुनी आणि चोवीस तासांची धावपळ. जो कारखाना आपल्या कचऱ्याला कोअ‍ॅग्युलंट म्हणतो, त्याने ते विकताना उत्पादन म्हणूनच विकावं: प्रत्येक खेपेबरोबर लोखंड किती, मोकळं आम्ल किती, जस्त, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक किती याचा कागद, आणि ते आकडे लिटरमागे न देता लोखंडाच्या किलोमागे. पाणी घालून आकडा लहान करण्याची पळवाट त्यामुळे बंद होते. माल कुठल्या टाकीतून भरला हेही कागदावर हवं. आणि गाळ मर्यादेबाहेर गेला, नि ते त्या मालामुळे झालं असं दिसलं, तर त्या गाळाची विल्हेवाट कारखान्याच्या खर्चाने. हे शेवटचं कलम करारात आलं की दोन टाक्या वेगळ्या ठेवणं अचानक परवडू लागेल, याची मला खात्री आहे.

कॅन पाठवणाऱ्या कारखान्याला मी जस्ताचा आकडा कळवला होता. उत्तर आलं की पाण्याचे निकाल तर चांगले आहेत ना? ते चांगलेच होते. आमच्या प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात डोस, सामू, गढूळपणा आणि उरलेलं फॉस्फेट असे चार रकाने होते, चारही वरच्या पाण्याचे. त्या संध्याकाळी मी उजव्या समासात पट्टी धरून एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘गाळातले धातू’. आता जार टेस्ट झाली की सहाही बीकरचा तळ गाळणकागदावर उतरतो, आणि तो रकाना भरल्याशिवाय मी खाली सही करत नाही.